मोहिनी आणि मालकी

१. प्रश्न

दुसऱ्याला आपल्या बाजूला वळवण्याचे उपाय जुन्या राजनीतीने चार मोजले: साम, दाम, दंड आणि भेद. भुरळ घालणे हा उपाय त्या यादीत नाही. कौटिल्याला तो ठाऊक नव्हता असे मात्र नव्हे. त्याच्या अर्थशास्त्रात गणिकांचा कारभार पाहणारा गणिकाध्यक्ष आहे, आणि संघराज्यांच्या पुढाऱ्यांत वैर लावण्यासाठी रूपवती स्त्रियांचा उपयोग कसा करावा याचे तपशीलही आहेत. पण तिथे मोहिनी भेदाच्या हाताखाली राबते; तिला स्वतःचे खाते मिळालेले नाही. पुढे समाजानेही तेच केले. मोहिनीचा विचार नीतीचा प्रश्न म्हणून झाला, करमणूक म्हणून झाला, सत्ता म्हणून फारसा झाला नाही.

या विवेचनात तिच्याकडे सत्तेचा एक प्रकार म्हणून पाहायचे आहे. उदाहरणे मुख्यतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली घेतली आहेत. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते, त्यामुळे हा मुलूख एकच धरायला हरकत नाही. तमाशाचा फड, संगीत नाटक, सत्यशोधक जलसा आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची संघटना या चारही गोष्टी इथे जवळजवळ नांदल्या. मोहिनीची वेगवेगळी रूपे एकाच भूमीत ताडून पाहता यावीत, अशी सोय क्वचित मिळते.

प्रतिपादन असे आहे. मोहिनी माणसाचे लक्ष मिळवून देते. त्या लक्षाचे पैशात, प्रतिष्ठेत किंवा अधिकारात रूपांतर करणारी यंत्रणा मात्र बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हाती असते. म्हणून मोहिनीच्या व्यवहारात सत्ता कोणाची हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: हिशेबाची वही कोणाकडे आहे, आणि मनात आले तर उठून कोण जाऊ शकते.

२. व्याख्या आणि सीमा

मोहिनी म्हणजे प्रभाव पाडण्याची अशी रीत, जिच्यात चार लक्षणे एकत्र येतात. पहिले, समोरच्याच्या मनात एखादी इच्छा जागवली किंवा चेतवली जाते. दुसरे, ती पुरी होण्याची शक्यता दाखवून पूर्ती लांबवली जाते. तिसरे, या मधल्या काळात त्याच्याकडून वेळ, पैसा, निष्ठा किंवा एखादी कृती मिळवली जाते. चौथे, हे सारे आपण आपल्या मर्जीने करत आहोत, असे त्याला शेवटपर्यंत वाटत राहते.

चौथ्या लक्षणामुळे मोहिनी दंडापासून वेगळी पडते. वाईला विराटनगरी मानण्याची परंपरा आहे, आणि विराटाच्या घरची कीचकाची कथा ही सीमा नेमकी दाखवते. कीचक राजाचा मेहुणा आणि सेनापती, सैरंध्री दासी. तो आधी गोड बोलतो, आमिषे दाखवतो, पण नकार मिळताच हात धरतो आणि भरसभेत लाथ मारतो. ज्याला नकार सोसवत नाही, त्याने आधी केलेले आर्जव ही मोहिनी नव्हे, ती धाकाची प्रस्तावना होय. उलट त्याच कथेत द्रौपदी त्याला रात्री नृत्यशाळेत बोलावते आणि अंधारात भीम वाट पाहत असतो. इथे खरी मोहिनी आहे, आणि ती दुबळ्याच्या हातातले शस्त्र आहे. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ही कथा १९०७ साली ‘कीचकवध’ या नाटकात आणली तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बळाच्या जोरावरचे आर्जव आणि मोहिनी यांतला फरक त्या काळच्या सरकारला आणि प्रेक्षकांना सारखाच कळला होता.

दुसरी सीमा फसवणुकीची. फसवणूक वस्तुस्थितीबद्दल खोटे सांगते. मोहिनी शक्यतेला धूसर ठेवते. भारतीय न्याय संहितेच्या ६९व्या कलमाने लग्नाचे, नोकरीचे किंवा बढतीचे खोटे आश्वासन देऊन अथवा ओळख लपवून लग्न करून ठेवलेले शरीरसंबंध गुन्हा ठरवले आहेत. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू झाला. पण स्पष्ट आश्वासन न देता केवळ आशा जिवंत ठेवणे कोणत्याही कलमात बसत नाही. मोहिनीचा सारा कारभार या मोकळ्या पट्ट्यात चालतो.

तिसरी सीमा प्रेमाची. प्रेमात इच्छा दोन्ही बाजूंना असते आणि लांबण कोणी मुद्दाम राखत नाही. मोहिनीतून प्रेम उपजू शकते, प्रेमातही थोडी मोहिनी असते. विश्लेषणासाठी मात्र दोन्ही वेगळी धरावी लागतात.

३. मोहिनीला शृंगारच लागतो असे नाही

चार लक्षणांत ‘इच्छा’ म्हटले आहे, ‘कामेच्छा’ म्हटलेले नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातच घडले. १६५९ मध्ये अफजलखान मोठी फौज घेऊन वाईला येऊन बसला. वाई हा त्याच्या सुभेदारीचा ओळखीचा मुलूख, मैदानाचा आणि सोयीचा. शिवाजी महाराज जावळीच्या रानात, प्रतापगडावर. खानाला तिथे येणे घातक होते. पण महाराजांच्या वतीने पंताजी गोपीनाथ बोलणी करत राहिले, आणि त्या बोलण्यांतून खानाला एकच चित्र दिसत गेले: राजा घाबरला आहे, खान वडीलधारा आहे, त्याने स्वतः येऊन अभय द्यावे. खानाला युद्ध हवे होते त्याहून आपला दरारा सिद्ध झालेला पाहायचा होता. ती इच्छा चेतवली गेली, पूर्ती एका भेटीवर येऊन ठेपली, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी तो आपल्या पायांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी आला. चारही लक्षणे इथे पूर्ण आहेत. चेतवलेली इच्छा दर्पाची आहे, एवढाच फरक.

शृंगार आणि दर्प यांपलीकडचा तिसरा प्रकार दैवतकथांत दिसतो. कराड तालुक्यातल्या पाल येथे पौषात खंडोबा आणि म्हाळसेचा विवाह लागतो. लोकपरंपरा म्हाळसेला मोहिनीचा अवतार मानते, म्हणजे रूपाची सत्ता तिच्याकडे आहे. पण खंडोबाची दुसरी राणी बाणाई धनगराची. तिच्यासाठी देव वेष पालटून तिच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरे राखतो, आणि सेवेने तिला जिंकतो. एकाच देवाच्या संसारात रूपाची मोहिनी आणि सेवेची मोहिनी अशा दोन्ही रीती ठेवून लोकमानसाने एक निरीक्षण नोंदवले आहे. मोठ्याला धाकट्याचे मन जिंकायचे असेल तर त्याला काही काळ आपला मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो.

४. मनात काय घडते

आता शृंगारी मोहिनीकडे वळू. तिचे सर्वांत घडीव रूप म्हणजे बैठकीची लावणी. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या आणि वाईला राहिलेल्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या कलेच्या श्रेष्ठ गायिका. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते आणि बसल्या बसल्या अदा करते. अंगावर नऊवारी, पदर सावरलेला, उघडे असे काही नाही. काम करतात ते डोळे, भुवया, हाताची बोटे आणि गळा. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ पालटते: कधी रुसवा, कधी आर्जव, कधी चेष्टा, कधी नकार. या रचनेत मानसशास्त्राला ठाऊक असलेल्या निदान पाच यंत्रणा एकत्र काम करतात.

पहिली यंत्रणा लक्षाची. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणसाच्या अधःपाताची साखळी सांगितली आहे, आणि तिची पहिली कडी काम नाही, विषयांचे ध्यान आहे. आधी लक्ष गुंतते, मग आसक्ती, मग इच्छा. आधुनिक प्रयोगही याच दिशेने जातात. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ त्या परिचयानेच ती आवडू लागते, असे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले. ओळ पुन्हा पुन्हा घेण्याचे कारण निव्वळ संगीतातले नाही.

दुसरी यंत्रणा अपूर्णतेची. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी नखऱ्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. नखरा म्हणजे होकार आणि नकार एकाच वेळी जिवंत ठेवणे, हे त्यांचे सूत्र. दोहोंपैकी एक निश्चित झाले की खेळ संपतो. वळून पाहणे, पण चालणे न थांबवणे, ही लावणीतली अदा या सूत्राचे देहरूप आहे.

तिसरी यंत्रणा अनियमित बक्षिसाची. ठरावीक वेळाने दाणा मिळाला तर कबुतर मधल्या काळात स्वस्थ बसते. किती टोचांनी मिळेल याचा भरवसा नसेल तर ते टोचतच राहते. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतला हा निष्कर्ष जुगारालाही लागू पडतो आणि नजरेलाही. दर ओळीला नजर मिळाली तर तिची किंमत राहत नाही. मुळीच मिळाली नाही तर श्रोता उठून जातो. कसबी कलावतीला हे प्रमाण बैठकीचा अंदाज घेत राखता येते.

चौथी यंत्रणा निवडकपणाच्या भासाची. सहज न मिळणारी व्यक्ती अधिक आवडते, हा समज एलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तपासला. निष्कर्ष वेगळाच निघाला. सर्वांना अवघड असणारी स्त्री पुरुषांना विशेष आवडत नव्हती. इतरांना अवघड, पण आपल्याला अनुकूल, अशी स्त्री आवडत होती. बैठकीतल्या प्रत्येकाला ‘ही ओळ माझ्यासाठी होती’ असे वाटायला लावणे, हेच तर अदाकारीचे कौशल्य मानले जाते.

पाचवी यंत्रणा देहक्षोभाची. डटन आणि ॲरन यांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या एका उंच झुलत्या पुलावर प्रयोग केला. पुलाच्या भीतीने धडधडणाऱ्या काळजाचे श्रेय पुरुष समोरच्या तरुणीला देत होते. ढोलकीची चढती लय, घुंगरांचा नाद, गर्दी, उशिराची रात्र या साऱ्यांनी देह आधीच चेतलेला असतो. त्या चेतनेला कारण हवे असते, आणि समोर नाचणारी स्त्री हे सर्वांत जवळचे कारण असते.

या पाचही यंत्रणांत एक गोष्ट समान आहे. त्या शिकाव्या लागतात. त्यांना रियाज लागतो. ‘बाईच्या अंगातच जादू असते’ ही समजूत त्यामुळे टिकत नाही. तिच्याविरुद्धचा आणखी मोठा पुरावा इतिहासात आहे. तमाशात स्त्रिया येण्याआधी बायकांची कामे आणि नाच ‘नाच्या पोऱ्या’ करत असे. आणि स्त्रीच्या तोंडी, स्त्रीच्या भावनेने लिहिलेल्या लावण्यांचे कर्ते राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम हे सारे पुरुष. म्हणजे ज्या मोहिनीला आपण स्त्रीस्वभाव समजतो, तिची संहिता पुरुषांनी लिहिली, पहिले सादरीकरणही बऱ्याच अंशी पुरुषांनीच केले, आणि प्रेक्षकही बहुतांशी पुरुष होते. पुरुषांनी आपल्या इच्छेचे चित्र रंगवले आणि पुढे ते स्त्रीच्या नावावर चढवले.

५. दौलतजादा: क्षणाची सत्ता, रात्रीचा हिशेब

सामाजिक मानसशास्त्रात फ्रेंच आणि रेव्हन यांनी १९५९ मध्ये सत्तेची पाच मूळस्थाने सांगितली: बक्षीस, शिक्षा, पदाचा अधिकार, ज्ञान आणि आपलेपणाची ओढ. मोहिनी शेवटच्या प्रकारात बसते. फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रियार यांनी १९७९ मध्ये याच्या पुढे जाऊन मांडले, की सत्तेचे वर्चस्व वास्तवावर असते आणि मोहिनीचे वर्चस्व चिन्हांच्या विश्वावर. मांडणी आकर्षक आहे, पण संगीतबारीत, म्हणजे थिएटरातल्या लावणीच्या बैठकीत, ती तपासून पाहिली पाहिजे.

संगीतबारीत दौलतजादा चालतो. श्रोता नोट काढतो, नाचणारी नाचत येऊन ती घेते, गाणे क्षणभर थांबते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते. शेजारच्याने मोठी नोट काढली की पहिल्याला त्याहून मोठी काढावी लागते. इथे उघडच स्त्रीची सत्ता दिसते: एरवी गावात ज्यांच्यापुढे कोणी मान वर करत नाही, ते पाटील आणि बागाईतदार तिच्या एका नजरेसाठी खिसे रिकामे करतात. पण नीट पाहिले तर पुरुष नोट काढतो ती मुख्यतः दुसऱ्या पुरुषाला दाखवण्यासाठी. स्पर्धा पुरुषा-पुरुषांत आहे. नर्तकी त्या स्पर्धेचे मैदान आहे. तिची सत्ता खरी आहे, पण ती बैठकीपुरती आहे.

बैठक उठल्यावर हिशेब होतो. थिएटरमालकाचा वाटा जातो, साथीदारांचा जातो, आणि उरलेल्यावर घरच्या भाऊ-बापांचे पोट चालते. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे. चिरा उतरवण्याच्या विधीने तिला एखाद्या धनिकाच्या हवाली केले जाई, आणि तो तिचा ‘मालक’ म्हणवला जाई. या व्यवस्थेचे आतून केलेले वर्णन किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ मधल्या आत्मकथनात आहे. बापाच्या नावाच्या जागी त्यांनी आईचे नाव लावले. पुरुषाला भुलवणारी म्हणून जिची ख्याती, तिला आपल्या मुलासाठी त्याच्याकडून साधे नाव मिळवता येत नव्हते. बोद्रियार यांच्या चिन्हविश्वात ती राणी होती. रेशनकार्डाच्या विश्वात तिला स्थान नव्हते.

ढोलकीफडाच्या तमाशात रीत वेगळी, परिणाम तोच. तिथे गावची जत्रा फडाला सुपारी देते. नारायणगावप्रमाणे सांगली जिल्ह्यात विटा हे या व्यवहाराचे ठिकाण आहे. कलावंत हंगामाआधी फडमालकाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. म्हणजे हजारो प्रेक्षकांना खिळवून ठेवणारी स्त्री स्वतः उचलीला खिळलेली. दुसरीकडे कवलापूरच्या काळू-बाळूंसारख्या फडांनी हेही दाखवले, की विनोद आणि वग यांच्या बळावर तमाशा कुटुंबाच्या मालकीने पिढ्यान्‌पिढ्या चालवता येतो. फडाची मालकी घरात असली की कलेचे उत्पन्नही घरात राहते.

६. दोन कुलीन पुरुष

याच मुलखातले दोन ब्राह्मण पुरुष मोहिनीच्या दोन टोकांना उभे आहेत.

पहिले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले, जातीने त्यांना टाकले. महार समाजातल्या पवळाबाईबरोबर त्यांचा फड गाजला. लोकांनी ‘बामणाला बाईने नादी लावले’ अशी साधी कथा केली. प्रत्यक्षात बापूरावांना भुलवले ते त्या कलेनेच, पवळेच्या आधीपासून. पवळेने त्यांच्या शब्दांना देह दिला, फडाला गर्दी दिली. दोघांची जोडी फुटली, आणि बापूरावांची अखेर हलाखीत झाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बापूरावांना शाहिराचे स्थान मिळाले. पवळा मात्र त्यांच्या कथेतले एक पात्र होऊन उरली. मोहिनीची फळे वाटताना लेखणी आणि जात यांचे माप वेगळे पडते, ते असे.

दुसरे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७). नागठाण्याचे राजहंस घराणे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि मिरजेत शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. पुढे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तली भामिनी, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू. त्यांची साडी नेसण्याची, अंबाड्यावर गजरा माळण्याची रीत घरंदाज बायका उचलू लागल्या. पुरुषाने रंगवलेली स्त्री पाहून स्त्रिया आपले स्त्रीपण घडवत होत्या. प्रभावाचे याहून खोल रूप सांगता येणार नाही: इथे प्रेक्षक कलावंताला हवे ते करतो इतकेच नाही, तो स्वतःला त्याच्यासारखे घडवू लागतो.

यमुनाबाई आणि बालगंधर्व यांच्या तंत्रात फार अंतर नाही. नजर, पदर, लाडिक लांबण, एकाच ओळीची अनेक रूपे दोन्हीकडे आहेत. तरीही एकाला नाट्यगृह मिळाले, राजाश्रय मिळाला, लोकमान्य टिळकांनी दिले असे मानले जाणारे बिरुद मिळाले, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. दुसरीला आधी बोर्डावरची बाई हीच ओळख आणि मानसन्मान उतारवयात. बालगंधर्वांची कंपनी कर्जात बुडाली हे खरे. पण ते त्यांच्या मालकीच्या कंपनीचे कर्ज होते, आणि बुडतानाही त्यांची प्रतिष्ठा गेली नाही. सारखीच मोहिनी कुलीन पुरुषाने वापरली तर तिला अभिनय म्हणतात, कोल्हाट्याच्या मुलीने वापरली तर तिला चाळे म्हणतात. निवाडा तंत्रावर होत नाही, तंत्र कोणाच्या हाती आहे यावर होतो.

७. दोष कोणाचा

साताऱ्यात जन्मलेल्या श्रीराम लागूंची मुख्य भूमिका असलेला ‘पिंजरा’ (१९७२) हा चित्रपट मराठी माणसाच्या मनातली मोहिनीची कथा पक्की करून गेला. आदर्श शिक्षक तमाशातल्या बाईपायी उद्ध्वस्त होतो. मूळ धागा जर्मन चित्रपट ‘द ब्लू एंजल’ (१९३०) आणि त्याआधीची हाइनरिख मान यांची कादंबरी. कथेचा साचा जर्मनीत आणि महाराष्ट्रात सारखाच चालला, कारण तो सोयीचा आहे. त्यात मास्तर आपल्या पायांनी तंबूत जातो, परंतु पडझडीचे कर्तृत्व बाईच्या नावावर जमा होते. व्याख्येतले चौथे लक्षण आठवावे. भुललेल्याला शेवटपर्यंत सारे आपल्या मर्जीचे वाटते. उतरल्यावर मात्र त्याला आपली मर्जीच नव्हती असे वाटू लागते. दोष ढकलण्याची सोय मोहिनीच्या रचनेतच दडलेली आहे.

राज्यकर्त्यांनीही हाच साचा वापरला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली, ती उठली ती संहिता तपासण्याच्या अटीवर. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती टिकू दिली नाही. दोन्ही वेळा तपासणी झाली ती नाचणारीच्या शब्दांची, कपड्यांची आणि हालचालींची. थिएटरच्या वाट्याची, उचलीच्या व्याजाची किंवा दौलतजादा करणाऱ्याच्या वर्तनाची तपासणी करावी, असे तेव्हा फारसे कोणाला सुचले नाही.

८. मोहिनीचे अधिकारात रूपांतर

मग मोहिनीची सत्ता टिकाऊ करता येते का? या मुलखाच्या इतिहासात दोन उत्तरे आहेत.

पहिले सत्यशोधक जलशाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला होता. चळवळीने तमाशाचा साचा उचलला: गण, गौळण, बतावणी, वग. गर्दी ओढण्याची त्याची ताकद ठेवली आणि आशय पालटला. गौळणीच्या जागी भटशाहीची थट्टा आली, वगात सावकार आणि कुळ आले. लोक करमणुकीला येत आणि विचार घेऊन जात. १९१९ ते १९२१ या काळात साताऱ्यातल्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध जी उचल खाल्ली, तिच्यामागे या जलशांची पेरणी होती. वाळव्याच्याच वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी पुढे हाच साचा लोकनाट्यात कामगारांसाठी वापरला. इथे मोहिनी विचाराची वाहक झाली. तरी एक उणीव राहिली. जलशाने तमाशातली बाई बहुतांशी वगळली. तिची कला चळवळीला चालली, ती स्वतः चालली नाही.

दुसरे उत्तर सांगली शहरातले. १९९२ मध्ये संग्राम संस्थेने एचआयव्ही प्रतिबंधासाठी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. त्यातून १९९६ मध्ये त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. कंडोमचा प्रश्न इथे विश्लेषणाच्या दृष्टीने फार बोलका आहे. एकटी बाई नकार देते तेव्हा गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. तिची सारी मोहिनी त्याला थांबवू शकत नाही. गल्लीतल्या सगळ्याच जणींनी नकार दिला तर त्याला जायला दुसरे दार उरत नाही. पोलीस, दलाल, सावकार यांच्याशी बोलतानाही तोच फरक पडतो. रूपाने जे एका रात्रीपुरते मिळते, ते संघटनेने रोजचे होते. उठून जाण्याचा अधिकार, जो आतापर्यंत गिऱ्हाइकाचा होता, तो काही अंशी बाईकडे आला.

९. निष्कर्ष

विवेचनातून हाती येणारे सिद्धान्त असे.

एक, मोहिनी हे शिकता येणारे तंत्र आहे. ते लिंगाला किंवा जातीला चिकटलेले नाही, शृंगारालाही नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी ते दर्पावर चालले, बाणाईच्या वाड्यात सेवेवर, बैठकीत नजरेवर.

दोन, तिची सत्ता खरी असते, पण अल्पजीवी असते. ती टिकवायची तर मालकी, लेखणी, कायदा किंवा संघटना यांपैकी काहीतरी हाताशी लागते.

तीन, मोहिनीवरचा नैतिक निवाडा जवळजवळ नेहमी दुबळ्या पक्षावर होतो. बालगंधर्व आणि संगीतबारीतली कलावती यांना लावलेली मापे हा त्याचा पुरावा.

चार, मोहिनीचा अपराध ओळखायचा असेल तर नकाराची किंमत तपासावी. नकार दिल्यावर ज्याचे काही बिघडत नाही, तो भुललेला असला तरी मोकळा आहे. नकार दिल्यावर जिची भाकर जाते, ती भुलवणारी असली तरी बांधलेली आहे.

जत्रा कमिट्या, नाट्यपरिषदा आणि सांस्कृतिक खाते यांना यातून एक व्यवहार्य सूचना निघते. तमाशाची आणि लावणीची शुद्धता मोजण्यासाठी पदराकडे पाहत बसण्यापेक्षा सुपारीचा करार लेखी करावा, कलावतीचा वाटा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जावा, उचलीला व्याजाची मर्यादा असावी, आणि वृद्ध कलावंतांचे मानधन वेळेवर मिळावे. एवढे झाले तर ‘बाईने नादी लावले’ ही तक्रार करणाऱ्याला आपल्याच खिशाकडे बोट दाखवावे लागेल, आणि तेच न्याय्य होईल.